नळ, कुलूप आणि मुद्रा

देवालयात नवी मूर्ती बसवावयाची असली म्हणजे आधी शिळेची परीक्षा होते. पाथरवट टाकीने तिच्यावर हलकेच आघात करून नाद ऐकतो; पोटात चीर वा पोकळी असल्याचा संशय आला तर ती शिळा बाजूला सारतो. त्याच देवालयाच्या अग्रशाळेत नळ बसवावयाचा असला, दारांना बिजागऱ्या आणि कोयंडे लावावयाचे असले, म्हणजे मात्र एवढी चौकशी क्वचितच होते. जे स्वस्त मिळेल आणि लखलखीत दिसेल ते आणले जाते. आणि दोन पावसाळे लोटतात न लोटतात तोच नळ गळू लागतो, कडीवर गंज चढतो, कुलपात किल्ली अडकून बसते. आपल्या घरांतही याहून निराळे घडते असे नाही. घर बांधताना दगड, लाकूड आणि चुना यांची जी काळजी आपण वाहतो, तिच्या दशांशही काळजी या लहान वस्तूंच्या वाट्याला येत नाही. आणि दिवसातून शंभर वेळा हात लागतो तो तर याच वस्तूंना.

मूर्तीच्या शिळेप्रमाणेच नळाचा आणि कुलपाचाही गुण पोटात असतो. बाहेरचा मुलामा डोळ्यांना दिसतो. आतील धातू, आटे, चकती, पत्ती यांपैकी काहीच दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दिसत नाही. मग त्याने विश्वास ठेवावा तो कशावर? हा प्रश्न आजचा नाही. दोन हजार वर्षांपूर्वी तो राजपुरुषांना पडला होता, आणि त्याची जी उत्तरे निघाली त्यांचा इतिहास आपण थोडक्यात पाहू. तो पाहिल्यावर खरेदी कशी करावी हे निराळे सांगण्याचे फारसे कारण उरणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘नळ’ या शब्दाचा मूळ अर्थ पोकळ वेत, आणि त्यावरून पाण्याची नळी. पाणी सोडणाऱ्या व अडवणाऱ्या तोटीलाही आपण नळच म्हणू लागलो, हे सूचक आहे. आपल्याकडील जुन्या व्यवस्थेत पाणी बहुधा वाहते असे. गोमुखातून अखंड धार पडत असे आणि ती कुंडात वा तळीत साठत असे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावातून पुण्यास पाणी आणले गेले, तेही बांधीव भूमिगत मार्गाने येऊन शहरातील हौदांत उतरत असे. लोकांनी हौदावर यावे आणि भांडे बुडवून पाणी न्यावे. अशा व्यवस्थेत घरोघरी तोटी लागत नाही. म्हणून तोटीच्या पारखीची परंपराही आपल्याकडे रुजली नाही. तांब्या-पितळेच्या भांड्याचे वजन हातात घेऊन आणि त्याचा नाद ऐकून बरे-वाईट सांगणाऱ्या आपल्या आज्या नळाच्या दुकानात निरुत्तर होतात, त्याचे कारण हे होय.

रोमन लोकांकडे मात्र तोटी होती. व्हेसुव्हियस पर्वताच्या इ. स. ७९ मधील उद्रेकाने गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात काशाच्या तोट्या सापडल्या आहेत. तिची रचना साधी होती. एका आडव्या नळकांड्यात उभा, किंचित निमुळता दट्ट्या बसवलेला असे आणि त्या दट्ट्याला आरपार भोक असे. भोक पाण्याच्या दिशेला आले की पाणी वाहावे, पाव फेरा दिला की थांबावे. चकती नाही, आटे नाहीत. सारी मदार दट्ट्या आणि नळकांडे एकमेकांवर घासून किती तंतोतंत बसवले आहेत यावर. रोमन कारागिराचे कौशल्य दिसे ते या न दिसणाऱ्या सांध्यात.

इ. स. ९७ मध्ये नर्व्हा बादशहाने सेक्स्टस जूलियस फ्राँटिनस या अनुभवी पुरुषास रोमच्या पाणीखात्याचा प्रमुख नेमले. त्याने आपल्या खात्यावर लिहिलेला ग्रंथ उपलब्ध असून वकिली करणाऱ्या माणसाने तो अवश्य वाचावा असा आहे. कारण त्यात जलशास्त्राइतकीच लबाडीचीही नोंद आहे. खासगी घरास पाणी द्यावयाचे ते ठरावीक मापाच्या काशाच्या तोंडातून, असा तेथे नियम होता. हे तोंड निदान बारा अंगुळे, म्हणजे सुमारे बावीस सेंटिमीटर, लांब असावे लागे. काशाचेच का, याचे कारणही फ्राँटिनसने दिले आहे: शिसे मऊ असल्यामुळे ते दाबून रुंद वा अरुंद करता येते, कासे तसे वाकत नाही. तपासलेल्या तोंडावर सरकारी मुद्रा उमटविली जाई.

फ्राँटिनसने तपासणी केली तेव्हा काय आढळले? काही तोंडांवर मुद्राच नव्हती. काहींवर मुद्रा होती, पण माप मंजुरीहून मोठे होते. काही ठिकाणी तोंड योग्य मापाचे असून त्याच्या पुढची नळी रुंद जोडली होती, त्यामुळे पाणी अधिक ओढले जात होते. कोठे तोंड नेमलेल्या पातळीहून खाली बसवून तोच हेतू साधला होता. नळ्यांना चोरून भोके पाडून पाणी विकणारे कर्मचारीही त्याला आढळले. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. मुद्रा ही आवश्यक खरी; परंतु मुद्रा उमटविणारा हात स्वच्छ नसेल, किंवा मुद्रेच्या पुढे काय जोडले आहे हे कोणी पाहत नसेल, तर तिचा उपयोग मर्यादितच राहतो.

आपल्या कौटिल्याने हाच विचार वजनांच्या बाबतीत केला आहे. अर्थशास्त्रात पौतवाध्यक्ष या अधिकाऱ्याचे प्रकरण आहे. वजने लोखंडाची किंवा मगध व मेकल येथील दगडाची असावीत, अथवा पाण्याने वाढणार नाही व उष्णतेने घटणार नाही अशा पदार्थाची असावीत, असे तेथे सांगितले आहे. आणि दर चार महिन्यांनी त्यांची तपासणी करून त्यांवर मुद्रा करावी, मुद्रा नसल्यास दंड घ्यावा, असाही नियम आहे. रोमन तोंड काशाचे का आणि मागधी वजन दगडाचे का, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे: ज्या वस्तूवर लोकांनी विसंबावयाचे, तिचा धातू वा दगड मुळातच असा निवडावा की त्यात कालांतराने किंवा कपटाने सहजी बदल होऊ नये. उत्तम घडणीचे हे पहिले लक्षण होय.

अर्वाचीन काळाकडे येऊ. इंग्लंडातील औद्योगिक शहरांत नळांतून पाण्याचा दाब सतत राहू लागला तेव्हा जुनी दट्ट्याची तोटी अपुरी पडू लागली. तिचा सांधा झिजे आणि पाणी पाझरे. शिवाय ती झटकन बंद होत असल्यामुळे वाहते पाणी एकाएकी अडून नळांना हिसका बसे. यावर १८४५ मध्ये रॉदरहॅम येथे मळसूत्री नळाची युक्ती निघाली आणि तिचे एकस्व घेण्यात आले. मूठ फिरवली की मळसूत्र खाली उतरते आणि त्याच्या टोकाची चकती पाण्याच्या भोकावर दाबून बसते. पाणी हळूहळू बंद होते, हिसका बसत नाही. आणि चकती झिजली तर नवा नळ न घेता केवळ चकती बदलून भागते. आज आपल्या अंगणात जो साधा पितळी नळ दिसतो तो याच वंशातला. ती चकती मात्र त्या काळी चामड्याची असे, आणि येथे आपल्या समाजाचा या इतिहासाशी प्रत्यक्ष संबंध येतो.

१८६० मध्ये विहार तलावाचे पाणी मुंबईत नळाने आले. सोय मोठी झाली, परंतु कर्मठ घरांपुढे प्रश्न उभा राहिला की ज्या तोटीच्या पोटात चामडे आहे तिचे पाणी देवाला चालावे कसे? अनेक घरांतून पिण्या-वापरण्यास नळ आणि देवपूजेस विहीर अशी वाटणी झाली, व ती पुढे कित्येक वर्षे चालली. आज या गोष्टीला हसणे सोपे आहे. सोवळ्या-ओवळ्याच्या याच कल्पनांनी पाणवठ्यावरून माणसांनाही दूर ठेवले. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी सर्वांना मोकळे व्हावे म्हणून १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय १९३७ मध्ये लागला, हे विसरून सोवळ्याचे कौतुक करता येणार नाही. तरीही चामड्याच्या चकतीबद्दल विचारणाऱ्या त्या बायांचे एक श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मुठीची चकाकी त्यांना महत्त्वाची वाटली नाही. आत काय आहे, एवढे त्यांनी विचारले. कारण काहीही असो, प्रश्न बरोबर होता. पुढे चामड्याच्या जागी रबर आले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकमेकींवर सरकणाऱ्या सिरॅमिकच्या दोन चकत्या आल्या. शंका फिटली, आणि तिच्याबरोबर तो प्रश्न विचारण्याची सवयही गेली. ती सवय परत यावी असे आम्हांस वाटते.

नळावरून कुलपाकडे वळण्यास इतिहासानेच एक पूल बांधून ठेवला आहे. जोसेफ ब्रामा हा इंग्रज कारागीर १७७८ मध्ये सुधारलेल्या शौचकूपाचे एकस्व घेतो आणि १७८४ मध्ये कुलपाचे. पाणी आणि चोर यांना अडवण्याचे काम मूलतः एकाच जातीचे, म्हणजे झडप अचूक बसवण्याचे, आहे हे त्याने ओळखले होते. लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावरील त्याच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप आव्हान म्हणून ठेवलेले होते. जो किल्लीवाचून ते उघडील त्यास दोनशे गिनी. अर्ध्या शतकावर ते कोणास उघडले नाही. १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपकाराने ते आव्हान स्वीकारले, आणि सोळा दिवसांच्या अवधीत मिळून सुमारे पन्नास तास खपून कुलूप उघडले. बक्षीस त्यास मिळाले. यात ब्रामाच्या पेढीचा पराभव झाला असे म्हणता येईल. परंतु जी वस्तू उघडण्यास त्या काळच्या सर्वोत्तम कारागिरास एवढे दिवस लागले, तिच्याविषयी लोकांचा भरवसा उडण्याचे कारण नव्हते. विश्वासाचे दुसरे उत्तर ते हे: मुद्रेपेक्षाही उघड परीक्षा.

आपल्या देशातील कथा याहून जवळची आहे, आणि वकिली करणाऱ्यास ती किंचित टोचणारीही आहे. अर्देशीर गोदरेज हे मुंबईचे कायद्याचे पदवीधर. झांझिबार येथील एका खटल्यात, जे आपल्याला सत्य म्हणून सांगता येत नाही ते न्यायालयापुढे सांगण्याचे त्यांनी नाकारले आणि वकिलीस रामराम ठोकला. मुंबईस येऊन ते प्रथम शस्त्रक्रियेची उपकरणे तयार करू लागले. माल उतरला उत्तम; परंतु त्यावर तो भारतात बनल्याची खूण असावी असा अर्देशीर यांचा आग्रह, आणि ती खूण नको असा खरेदीदाराचा हट्ट. सौदा मोडला. त्यानंतर १८९७ मध्ये त्यांनी कुलपांचा कारखाना काढला. त्यांच्या कुलपांतील विशेष असा की आतील पत्त्यांना स्प्रिंगवर अवलंबून राहावे लागू नये अशी रचना त्यांनी साधली. कारण जुने कुलूप बहुधा बिघडे ते स्प्रिंग तुटल्यामुळे. दोष जेथून येतो ते अंगच काढून टाकणे, ही घडणीतील श्रेष्ठ बुद्धी होय. आणि आपल्या मालावर आपलेच नाव घालण्यासाठी जो धंदा सोडतो, त्याच्या मालाची पारख करणे गिऱ्हाइकाला सोपे जाते.

तिसरे उत्तर कायद्याचे. खरेदीदाराने सावध राहावे हे इंग्रजी कायद्याचे जुने सूत्र. परंतु त्याच्याही आधी रोमच्या बाजारपेठेवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी गुलाम व जनावरे यांच्या विक्रीत लपलेले दोष विक्रेत्याने सांगितलेच पाहिजेत असा हुकूम काढला होता. आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्यात या दोन्ही विचारांचा मेळ आहे. खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसावयास हवे होते त्यांबद्दल त्याला पुढे सहसा तक्रार करता येत नाही. नमुन्यावरून खरेदी झाली असेल, तर वाजवी तपासणीतही न दिसणारा आणि माल बाजारात खपण्यास अयोग्य ठरविणारा दोष त्यात नसावा, ही अट कायदाच गृहीत धरतो. म्हणजे, डोळ्यांना दिसणाऱ्या दोषाचे उत्तरदायित्व तुमचे, पोटातल्या दोषाचे विक्रेत्याचे. ग्राहकास स्वतंत्र न्यायमंच १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मिळाला. त्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. परंतु पावती नसेल तर हे सर्व कायदे मुके होतात. गोमंतकात काय आणि बेळगावात काय, ओळखीच्या दुकानदाराकडून पावती मागणे आपल्याला संकोचाचे वाटते. हा संकोच सोडला पाहिजे.

रोमन मुद्रेचा आणि मागधी मुद्रेचा वारसाही आपल्याकडे चालू आहे. १९४७ मध्ये भारतीय मानक संस्था स्थापन झाली, १९५२ च्या कायद्याने तिला प्रमाणचिन्ह देण्याचा अधिकार मिळाला, आणि १९८७ पासून तिचे कार्य भारतीय मानक ब्यूरोकडे आले. ओतीव तांबेमिश्र धातूच्या मळसूत्री नळासाठी आय. एस. ७८१ हे मानक आहे. चिन्हाजवळ परवान्याचा क्रमांक छापलेला असतो आणि तो ब्यूरोकडून खरा-खोटा करून घेता येतो. फ्राँटिनसचा धडा स्मरून तो करून घ्यावा; केवळ चिन्ह पाहून समाधान मानू नये.

आता प्रत्यक्ष निवडीसंबंधी. नळ हातात घेऊन त्याचे वजन पाहावे. पितळी नळ आकाराच्या मानाने जड लागतो, मुलामा दिलेला जस्ताचा वा प्लास्टिकचा हलका. मूठ पूर्ण फिरवून पाहावी. ती कोठे अडता कामा नये आणि सैलही लागता कामा नये. आटे भरीव आणि स्वच्छ कापलेले असावेत. आतील बाजू, जेथे मुलामा पोचत नाही, तेथे बोट फिरवावे. ओतकामातील भोके व खरखर तेथेच सापडतात. आणि शेवटी विचारावे की आतील चकती किंवा सिरॅमिकचा भाग पाच वर्षांनी सुटा मिळेल काय, आणि गावातला कारागीर तो बदलू शकेल काय. ज्या नळाचे पोट उघडता येत नाही तो कितीही देखणा असला तरी घेऊ नये.

स्थळकाळाचाही विचार हवा. कोकण-गोमंतकातील जांभ्या दगडातून झिरपणारे विहिरीचे पाणी पुष्कळदा किंचित आम्ल असते. असे पाणी हलक्या पितळेतील जस्त हळूहळू खाऊन टाकते. उरते ते लालसर, ठिसूळ, सच्छिद्र तांबे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात साधे पोलाद तर टिकत नाहीच. बिजागऱ्या आणि कड्या पोलादाच्या घ्यावयाच्या तर मॉलिब्डेनम मिसळलेल्या ३१६ क्रमांकाच्या निष्कलंक पोलादाच्या घ्याव्यात, नाहीतर भरीव पितळेच्या. इंदूर-ग्वाल्हेरकडील कोरड्या हवेत हाच आग्रह धरण्याचे कारण नाही. तेथे पाण्यातील क्षार चकतीवर बसतात, म्हणून ती सहज काढून साफ करता येणे अधिक महत्त्वाचे. शिशाबद्दलही सावध असावे. पितळ कातण्यास सोपे जावे म्हणून त्यात शिसे मिसळतात. शिशाच्या नळ्या आरोग्यास अपायकारक आहेत हे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस या रोमन स्थपतीने लिहून ठेवले आहे. अमेरिकेने पिण्याच्या पाण्याच्या नळांतील शिशावर ०.२५ टक्क्याची मर्यादा घातली ती २०१४ पासून. रात्रभर नळात साचलेले पाणी सकाळी पिण्यास न घेता झाडांना घालावे, हे उत्तम.

शेवटी देवस्थानांविषयी. गोमंतकातील देवस्थाने १९३३ च्या नियमावलीनुसार महाजनांच्या समित्यांकडून चालतात. अन्यत्र विश्वस्त असतात. विश्वस्ताने निधीची काळजी, सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या द्रव्याची घेईल तशी घ्यावी, हे तत्त्व १८८२ च्या न्यास कायद्यात आहे. तो कायदा खासगी न्यासांचा असला तरी देवद्रव्याला हे तत्त्व त्याहून कमी लागू आहे असे कोण म्हणेल? निविदा मागवताना केवळ ‘नळ, नग चाळीस’ असे लिहिले तर सर्वांत स्वस्त नळ येणारच, आणि समितीने पैसे वाचवले असे वहीत दिसेल. परंतु एका गळक्या नळातून सेकंदाला एक थेंब पडला, आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार लिटरांहून अधिक आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक पाणी जाते. असे चाळीस नळ आणि दोन वर्षांनी पुन्हा खरेदी, हा हिशेब वहीत दिसत नाही. निविदेतच धातू, मानकाचा क्रमांक, वजन आणि सुट्या भागांची हमी लिहावी, एक नमुना मोहोरबंद करून समितीजवळ ठेवावा, आणि आलेला माल त्याच्याशी ताडून पाहावा. नमुन्यावरून झालेल्या विक्रीचे संरक्षण मग आपोआप मिळते.

आणखी एक विनंती. जीर्णोद्धाराच्या वेळी जुन्या दारांच्या घडीव बिजागऱ्या, पितळी कड्या आणि लांब किल्लीची कुलपे मोडीत वजनावर विकली जातात. विकण्यापूर्वी त्या एकदा तेल देऊन हलवून पाहाव्यात. शंभर वर्षे पावसाळे सोसून जी बिजागरी आजही आवाज न करता फिरते, तिची परीक्षा काळानेच घेतलेली आहे. तिच्याहून चांगली आपल्याला बाजारात मिळेल अशी खात्री असेल तरच ती मोडीत घालावी. नसेल तर घासून-पुसून पुन्हा त्याच दाराला लावावी.